थाळी वेगळी करण्यापूर्वी मद्रासचा हा प्रयोग वाचा

उर्दूत ‘दिक करना’ म्हणजे सतावणे, हे माझ्या वर्गातल्या मुलांना ठाऊक असते. पण ‘दिक’ हे क्षयरोगाचेही जुने नाव आहे, हे सांगितले की ती चकित होतात. या रोगाने माणसाला दोन्हीकडून सतावले. जंतूंनी शरीर पोखरले आणि आपल्या माणसांनी मन. मोहल्ल्यात कुणाला टीबी निघाला की आजही त्याची थाळी वेगळी होते. सून असेल तर तिची रवानगी माहेरी होते.

हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो, हे इब्न सिना (980-1037) यांनी ‘अल-कानून’ या ग्रंथात लिहून ठेवले होते. छातीतले आवाज नीट ऐकण्यासाठी फ्रान्सच्या लेनेक यांनी 1816 मध्ये स्टेथोस्कोप बनवला. पुढे त्यांचा स्वतःचा मृत्यूही क्षयानेच झाला. 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला आणि 1895 मध्ये क्ष-किरण सापडले. निदान होऊ लागले, पण औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार, एवढाच इलाज. त्यासाठी सॅनेटोरियम उभी राहिली. आपल्याकडे पाचगणी आणि मिरज त्यासाठी ओळखली जात. पण खाटा थोड्या आणि रुग्ण अफाट. गरीब माणूस घरीच खोकत राही.

1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि पास, तर 1952 मध्ये आयसोनियाझिड ही औषधे आली. आता प्रश्न उभा राहिला : औषध असताना रुग्णाला घरापासून तोडायचे कशाला?

याचे उत्तर 1956 पासून मद्रासमध्ये शोधले गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचे हे संयुक्त काम होते. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख होते. शहरातल्या गरीब वस्त्यांतील 193 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली. काही सॅनेटोरियममध्ये गेले, काही घरीच राहिले. औषधे दोघांना तीच, वर्षभर.

घरच्या रुग्णांना जेवण कमी पौष्टिक होते, दाटीवाटीत राहायचे होते, विश्रांतीही कमी होती. तरी वर्षअखेरीस घरचे 86 टक्के आणि सॅनेटोरियमचे 92 टक्के रुग्ण जंतुमुक्त झाले. पाच वर्षांनंतर हा थोडा फरकही उरला नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांना जास्त लागण झाली नाही. लागण प्रामुख्याने निदान होण्याआधीच होते. योग्य औषध सुरू झाले की धोका झपाट्याने कमी होतो.

1959 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहून उपचार हाच 1962 च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा पाया ठरला. पुढे जगभर सॅनेटोरियम ओस पडत गेली.

अट एकच होती : औषध चुकवायचे नाही. मद्रासमध्ये कर्मचारी न सांगता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासत. आज साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो आणि सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. म्हणून दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या. टीबी निघालाच, तर सुनेला माहेरी पाठवू नका. तिला घरीच ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा आणि तिची एकही गोळी चुकणार नाही याची जबाबदारी घरातल्या कुणीतरी घ्या.