सिंगापूरची दोन हॉटेले

शहराचा इतिहास त्याच्या किल्ल्यांप्रमाणेच त्याच्या पथिकाश्रमांतही वाचता येतो. सिंगापूरचीच दोन हॉटेले घ्या.

१८८७ साली सार्कीज बंधूंनी दहा खोल्यांच्या बंगल्यात ‘रॅफल्स’ थाटले. हे बंधू मूळचे इराणातील आर्मेनियन. पेनांग व रंगून येथेही त्यांची हॉटेले होती. आगबोटीने येणारा गोरा प्रवासी हे त्यांचे मुख्य गिऱ्हाईक. तेव्हा १८१९ साली तेथे इंग्रजांचे ठाणे वसविणाऱ्या रॅफल्सचेच नाव त्यांनी पाटीवर घातले. जागतिक मंदीत, १९३१ साली, बंधूंच्या पेढीचे दिवाळे वाजले. हॉटेल मात्र टिकले.

पुढे सिंगापूर स्वतंत्र झाल्यावर सहा वर्षांनी, १९७१ साली, ‘शांग्रीला’ उघडले. त्याचे संस्थापक रॉबर्ट क्वोक हे जोहोरमध्ये जन्मलेले चिनी व्यापारी. या एका हॉटेलातून पुढे आशियाई मालकीची मोठी साखळी उभी राहिली. यजमान बदलला, हे खरेच. पण नाव? तेही जेम्स हिल्टन या इंग्रज कादंबरीकाराने १९३३ साली कल्पिलेल्या तिबेटी स्वर्गाचे! पहिल्याने राज्यकर्त्याचे नाव घेतले, दुसऱ्याने त्याच्या देशबांधवाचे स्वप्न. घर आपले झाले, तरी पाटी आपली व्हायला आणखी काही काळ जावा लागतो, एवढाच याचा बोध.