पाण्यापर्यंत न पोहोचणारे रॅम्प

काँक्रीटचा एक रुंद उतार. वर वाहनतळ आहे, दिव्यांचे खांब आहेत, सूचनांचे फलक आहेत. खाली पाणी असायला हवे; तेथे मात्र गोटे आणि झुडपे. अमेरिकेत, लास वेगासजवळच्या मीड सरोवराच्या काठी असे सार्वजनिक बोट रॅम्प ठिकठिकाणी आढळतात. आजचा धागा त्यांच्याविषयी आणि १९२२ साली झालेल्या एका चुकलेल्या हिशेबाविषयी.

आधी रॅम्प म्हणजे काय, ते पाहू. आपल्याकडे नाव बहुधा पाण्यालगतच बांधलेली असते. अमेरिकेत ती अनेकदा घराच्या अंगणात, चाकांच्या ट्रेलरवर उभी असते. सुटीच्या दिवशी ती मोटारीला जोडून तलावावर आणायची, वरच्या मैदानातच दोर, लाइफ जॅकेट आणि तळाच्या छिद्राचे बूच तपासायचे आणि मग मोटार मागे घेत ट्रेलर पाण्यात उतरवायचा. नाव तरंगली की मोटार तत्काळ वर. मागे रांग असताना रॅम्पवर रेंगाळणे हा तेथे मोठाच असभ्यपणा मानतात! चाके घसरू नयेत म्हणून काँक्रीटला खाचा असतात आणि उतार साधारणतः सात फुटांना एक फूट असतो. हे प्रमाण ध्यानात असू द्या.

आता १९२२ कडे वळू. कोलोराडो नदीच्या खोऱ्यातील सात राज्यांनी नोव्हेंबरमध्ये सँटा फे येथे पाणीवाटपाचा करार केला. अध्यक्षस्थानी होते तत्कालीन वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर. वरच्या व खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट, म्हणजे आपल्या मापात सुमारे ३२७ टीएमसी पाणी देण्याचे ठरले. (संपूर्ण कोयना धरणात १०५ टीएमसी मावते.) पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी सुमारे ६५ टीएमसी मिळाले. एकूण वाटप ७१९ टीएमसीच्या घरात गेले.

नदीत इतके पाणी होते काय? वाटाघाटी करणाऱ्यांसमोर जेमतेम दोन दशकांच्या नोंदी होत्या आणि ती वर्षे असाधारण ओली होती. पाणी पुरणार नाही, असे सांगणारा माणूसही होता : भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातील जलतज्ज्ञ यूजीन ला रू. त्याचे म्हणणे बाजूला पडले. मोठा आकडा घेतला की सातही राज्यांना तृप्त करता येत होते. माझ्या मते चुकीचे मूळ अज्ञानात कमी आणि या सोयीत अधिक होते. १९७६ मध्ये संशोधकांनी वृक्षांच्या वाढवलयांवरून नदीचा कित्येक शतकांचा प्रवाह काढला, तेव्हा सरासरी ५९० टीएमसीच्या आसपास भरली.

या करारातूनच पुढे हूवर धरण उभे राहिले. १९३५ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याचे लोकार्पण केले. मागे साचलेल्या पाण्याला अभियंता एल्वूड मीड यांचे नाव मिळाले आणि वाळवंटात कोयनेच्या दहा पटींहून मोठा जलाशय पसरला. सेंट थॉमस हे गाव त्यात बुडाले. जून १९३८ मध्ये पाणी दाराशी आले, तेव्हा ह्यू लॉर्ड हा तेथील शेवटचा रहिवासी घरातून थेट होडीत बसून निघाला.

पुढे काठावर बंदरे आणि रॅम्प बांधले गेले. ते बांधताना पाण्याची पातळी थोडीफार वरखाली होईल, हे गृहीत होते. पण २००० नंतर दुष्काळ लांबला. त्यात प्रवाहापेक्षा वाटप मोठे, त्यामुळे जलाशयाची तूट भरून निघेना. जुलै २०२२ पर्यंत पातळी सुमारे १७० फुटांनी उतरली. आता ते सातास एकचे प्रमाण आठवा : पाणी १७० फूट खाली गेले, तर त्याला गाठण्यासाठी रॅम्प सुमारे १,२०० फुटांनी लांबवावा लागतो! आणि तळाची जमीन सपाट असेल, तर पाणी त्याहूनही दूर जाते. लास वेगास बे येथील बंदर २००२ मध्ये हेमेनवे येथे हलवले गेले. २००७ मध्ये ओव्हरटन बीचचे बंदर बंदच झाले. २०२२ च्या उन्हाळ्यात तर काही काळ अवघी भिस्त हेमेनवेच्या रॅम्पवर होती आणि तेथे नावांच्या लांबच लांब रांगा लागत.

त्याच परिसरात पाण्यातून एक हिगिन्स नौका वर आली. हे दुसऱ्या महायुद्धातील सैनिक किनाऱ्यावर उतरवणारे यान. त्याचा पुढचा भाग खाली पडून स्वतःच रॅम्प होत असे. ज्या तलावाचे रॅम्प कोरडे पडले, त्यानेच हे यान परत द्यावे, हा योगायोग विलक्षणच.

२०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय उद्यान सेवेने काठांच्या भवितव्याविषयी पर्याय मांडले. यांत्रिक नावांसाठी रॅम्प राखणे थांबवावे, असाही त्यांत एक होता. नागरिकांनी तीव्र विरोध केला. २०२३ मध्ये पर्वतांवर भरपूर हिम पडले, पातळी काहीशी चढली आणि रॅम्पवरील ताण थोडा कमी झाला. करारातील आकडे मात्र तेच आहेत.

आपल्याकडे उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे मंदिर पाहायला लोक जातात. सेंट थॉमसचेही आता तसेच झाले आहे, फक्त तेथे ऋतू पाहावा लागत नाही. ह्यू लॉर्ड जेथून होडीने गेला, तेथे पाऊलवाटेने चालत जाता येते.