आपाच्या डब्यातल्या गोळ्या

आपाच्या शिवणाच्या डब्यात भाचीला गोळ्यांची सात पाकिटं सापडली. एकही फोडलेलं नव्हतं. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन तिसरं वर्ष चालू होतं. रोज एक गोळी, पाच वर्षं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही विचारलं की आपा म्हणायची, ‘घेते की!’ डॉक्टरांनाही तेच सांगायची.

मोठ्या बहिणीवर रागावणार कसं? मी त्या गोळीचा इतिहास वाचायला बसलो. मी बी.ए. झालेला कवी, रसायनशास्त्राशी माझा संबंध अंगाच्या साबणापुरता.

गोळीचं नाव टॅमॉक्सिफेन. १९६२ साली इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात, आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या बाईंनी हे रसायन तयार केलं. शोध चालला होता संततिनियमनाच्या गोळीचा. उंदरांवर ती लागू पडली, बायकांच्या बाबतीत उलटंच झालं. बीजनिर्मितीला चालनाच मिळाली! त्या परीक्षेत नापास झालेलं हे औषध मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयात डॉ. मेरी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग बळावलेल्या ४६ बायकांना दिलं. दहाजणींना चांगला गुण आला. तो अहवाल १९७१चा. १९७३ साली ब्रिटनमध्ये आणि १९७७ साली अमेरिकेत या रोगासाठी औषधाला परवानगी मिळाली.

काही गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसतात. त्याची बसायची जागाच ही गोळी अडवून धरते. म्हणून गाठ काढल्यावरही ती रोज घ्यायची. अशा बायकांनी पाच वर्षं गोळी घेतली, तर पंधरा वर्षांतले या रोगानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटतात. २०१२ साली ‘ॲटलस’ नावाच्या मोठ्या अभ्यासानं, दहा वर्षं घेतली तर फायदा आणखी वाढतो, असं दाखवलं.

पण घरी गेलेली बाई गोळी घेते का, याकडे लक्ष जायला फार उशीर झाला. कॅलिफोर्नियातल्या ८,७६९ बायकांची माहिती २०१० साली प्रसिद्ध झाली. अशा गोळ्या पूर्ण मुदतभर, नीट घेतलेल्या बायका निघाल्या ४९ टक्के. २०२०चा फ्रान्समधला अभ्यास तर मला आपाच्या घरातलाच वाटला. तिथं थेट रक्त तपासलं. १,१७७ बायकांपैकी १८८ जणींच्या रक्तात औषध पुरेसं नव्हतं, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींनी ‘आम्ही घेतो’ असंच सांगितलं होतं.

पुढच्या खेपेला दवाखान्यातल्या सिस्टरनं ‘घेता ना?’ असं विचारलंच नाही. ‘घेतल्यावर काय काय होतं?’ असं विचारलं. मग आपा अर्धा तास बोलत होती. रात्री अंगाची लाही होते, घामानं उशी भिजते. गोळी पाहिली की आपण अजून आजारीच आहोत असं वाटतं. रमजानात गोळी सुटली ती ईद होऊन गेली तरी सुटलेलीच राहिली.

डॉक्टर रागावले नाहीत. घामासाठी या गोळीच्या आड न येणारं औषध दिलं. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी, तेव्हा रोजाच्या दिवसांत सहरीला घ्या, म्हणाले.

आता पाकीट चहाच्या डब्याशेजारी असतं. परवा फोन केला, तर मी विचारायच्या आधीच आपा म्हणाली, ‘घेतली रे. आणि रात्री दोनदा उठले, तेही लिहून ठेव.’