पुढे कोण आले?

३० जानेवारी १८९७ रोजी मुंबईच्या भायखळा तुरुंगात १५४ कैद्यांनी प्लेगची लस टोचून घेतली. तुरुंगात प्लेग शिरला होता. लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांनी वीसच दिवसांपूर्वी ती स्वतःला टोचून घेतली होती. पुढे लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले, त्यांतले ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले व दोघेही वाचले. न टोचलेल्यांची संख्या थोडीच अधिक होती.

लस गुणकारी, असे लगेच म्हणावेसे वाटते. पण हे १५४ जण स्वेच्छेने पुढे आले होते. स्वतःहून पुढे येणारा मुळातच धडधाकट असू शकतो. अंगात कणकण असलेला मागे राहतो. मग फरक लशीचा की माणसांचा? संख्याशास्त्रात याला स्वयंनिवडीचा दोष म्हणतात.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंधेरा गावी हाफकिन यांनी निवड लोकांवर सोपवली नाही. प्रत्येक कुटुंबाचे जवळपास सारखे दोन भाग पाडून एकालाच लस दिली. छप्पर एक, चूल एक, उंदीरही तेच. टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले, ३ मेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले, २६ मेले. लस खरी ठरली. (त्या २६ जणांचा विचार मात्र आम्हाला आजही अस्वस्थ करतो.)

कामगारांच्या आरोग्ययोजनांत नेमके उलटे घडले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये ४,८३४ कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. योजनेत भाग घेणाऱ्यांचा औषधोपचारावरील खर्च कमी होता खरा, पण तो योजनेपूर्वीही कमीच होता! चिठ्ठीने पाडलेल्या गटांत खर्चाचा म्हणण्याजोगा फरक उरला नाही.

आता भिवंडीचे यंत्रमाग घ्या. विणकराची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते. समजा, तेथे मोफत तपासणी शिबिर भरले. माग थांबवून रांगेत उभे राहणे कोणाला परवडेल? आणि खोकला बळावल्याने उत्तर प्रदेशातील गावी परतलेला विणकर वर्षअखेरच्या मोजणीत कोठून येणार? असा अहवाल हाती आला, की आम्ही आधी शिबिराच्या आदल्या दिवशीचा हजेरीपट मागतो.