फाइल उघडेना, दोष कोणाचा?

‘सर्व्हर स्लो आहे,’ हे वाक्य आपण साऱ्यांनी कुठल्या ना कुठल्या खिडकीपाशी ऐकले आहे. फाइल एका संगणकावर, ती हवी असणारे दहा ठिकाणी आणि मध्ये तार. अशा वेळी पहिला संशय येतो तारेवर, दुसरा यंत्राच्या वयावर. मला मात्र १९८०च्या दशकातला एक तपास सांगावासा वाटतो. तो तर्काने नव्हे, मोजणीने लागला.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या साह्याने ‘अँड्र्यू’ प्रकल्प हाती घेतला होता. ५,०००हून अधिक संगणकांना एकच सामायिक फाइलसाठा पुरवायचा, हे उद्दिष्ट. ही व्यवस्था उभारणाऱ्यांत मद्रासच्या आयआयटीत शिकलेले महादेव सत्यनारायणन होते. युक्ती साधी होती. एकदा आणलेल्या फाइलची प्रत आपल्याच डिस्कवर ठेवायची, म्हणजे ती पुन्हा पुन्हा तारेवरून ओढायला नको.

तरीही पहिली आवृत्ती रखडू लागली. तेव्हा सर्व्हरकडे नेमके काय मागितले जाते, हे मोजले गेले. १९८८च्या शोधनिबंधात ते आकडे आहेत. प्रत्यक्ष फाइल आणण्याच्या विनंत्या जेमतेम ४ टक्के. ९० टक्क्यांच्या आसपास नुसत्या चौकश्या! ‘माझ्याकडची प्रत अजून ताजी आहे ना?’ हा त्यातला मुख्य प्रश्न.

मग उलटा करार झाला. सर्व्हर म्हणाला, ‘तुम्ही विचारू नका, फाइल बदलली तर मीच कळवीन.’ मनीऑर्डर आली का, हे रोज टपाल कचेरीत जाऊन विचारण्यापेक्षा पोस्टमननेच दार ठोठवावे, तसे हे झाले. अर्थात, कोणाकडे कोणती प्रत आहे याची नोंद ठेवण्याचे काम सर्व्हरच्या गळ्यात पडले. पण चौकश्यांचा भार उतरला.

हा धडा आजही लागू आहे. दूरच्या शाखेत एका प्रश्नोत्तराला ५० मिलिसेकंद लागत असतील आणि फाइल उघडताना १०० प्रश्न एकामागून एक विचारले जात असतील, तर ५ सेकंद गेलेच. जोडणीचा वेग दुप्पट विकत घेतला, तरी ते वाचत नाहीत. प्रश्नच कमी करावे लागतात. २००६च्या सुमारास विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या फाइलवाटपाच्या नव्या पद्धतीत अनेक विनंत्या एकत्र बांधून पाठवण्याची सोय झाली, ती यासाठीच.

म्हणून नव्या सर्व्हरचे कोटेशन मागवण्याआधी माझे एवढेच सांगणे आहे : जुना सर्व्हर दिवसभर कोणत्या प्रश्नांची उत्तरे देतो, ते एकदा मोजून पाहा.