सोळा आण्यांचे पीक : डिंगोरे परिसरातील पीकमोजणीचा इतिहास

एखाद्या गावात यंदा पीक किती आले, या प्रश्नाला महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आण्यांत उत्तर दिले गेले. रुपयाचे आणे सोळा, म्हणून भरघोस पीक सोळा आण्यांचे, निम्मे बुडाले तर आठ आण्यांचे आणि कणसात दाणा भरलाच नाही तर दोन-चार आण्यांचे, असा हा हिशेब असे. पिकाच्या या अंदाजाला आणेवारी म्हणत आणि १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आल्यावर तिचीच पैसेवारी झाली. सारा माफ होणार की वसूल होणार, दुष्काळ जाहीर होणार की नाही, हे या आकड्यावर ठरत असल्याने आणेवारी ही केवळ कृषिविषयक नोंद कधीच नव्हती. राज्याचे एकूण पीक किती आणि त्याचे मोल किती, याचे जे आकडे आज छापले जातात, त्यांच्या मुळाशी बराच काळ हाच नजरेचा अंदाज होता. त्याचा इतिहास मुंबईच्या सचिवालयापेक्षा गावच्या शिवारात अधिक स्पष्ट दिसतो, आणि त्यासाठी जुन्नर तालुक्यातील डिंगोरे हे गाव व त्याभोवतीचा जुन्नर-आंबेगावचा टापू विशेष सोयीचा आहे.

डिंगोरे हे माळशेज घाटातून वर येणाऱ्या कल्याण-नगर रस्त्यावर, मढ आणि ओतूर यांच्या दरम्यान वसलेले आहे. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जातो आणि हे गाव त्या उतरत्या पावसाच्या पट्ट्यात येते. त्याच्या पश्चिमेला राब भाजून लावलेला भात आणि डोंगरउतारावरची नाचणी व वरई. पूर्वेला बाजरी, मटकी, हुलगा आणि त्याही पुढे काळ्या रानातली रब्बी ज्वारी. अवघ्या दिवसभराच्या वाटचालीत तीन प्रकारचे शेतकरी आणि तीन प्रकारची सुगी भेटत असे. दक्षिणेकडे मीना, घोड आणि भीमा यांच्या खोऱ्यांतही हाच क्रम दिसतो. मीननेर, घोडनेर, भीमनेर ही या खोऱ्यांची जुनी नावे, आणि ‘नेर’ म्हणजे नदीकाठचा खोऱ्याचा मुलूख. अशा प्रदेशात संपूर्ण तालुक्याचे पीक एका आकड्यात सांगणे हे मुळातच अवघड काम होते.

धान्याचे मोल पैशात करण्याची रीत येथे फार जुनी आहे. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखांत जमिनीचे दान निवर्तन या मापात सांगून त्या उत्पन्नातून करंज आणि वड यांची झाडे लावण्याची सोय केलेली आढळते. जवळच्या नाणेघाटातून कोकणातील बंदरांकडे माल उतरत असे. सातवाहनकाळात या खोऱ्यांतील धान्य केवळ पोटासाठी पिकत नव्हते, त्यातून शिल्लक उरत होती आणि ती हाताळणारा संघ लेणे कोरून देण्याइतका सधन होता, एवढे या लेखांवरून निश्चित म्हणता येते. शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातले काय आले, याविषयी दगड गप्प आहेत.

पुढे अनेक शतके पिकाची खरी मोजणी खळ्यावर होत राहिली. खळे म्हणजे चोपून, शेणाने सारवून केलेली मळणीची जागा. मधोमध तिवडा रोवायचा, त्याभोवती बैलांची पात फिरवायची, मग वावडीवर उभे राहून वाऱ्याच्या झोतात धान्य उफणायचे आणि साफ झालेल्या धान्याची रास घालायची. रास मोजताना पहिल्या मापाला मापाऱ्याने ‘एक’ म्हणू नये, ‘लाभ’ म्हणावे, असा संकेत होता. दोन, तीन ही मोजणी त्यानंतर सुरू होई. माप वजनाचे नव्हे, आकारमानाचे होते : चार शेरांची पायली, बारा किंवा सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. मण बारा पायल्यांचा की सोळांचा, हे गावोगाव वेगळे असल्याने एका गावची खंडी दुसऱ्या गावच्या खंडीशी जुळेलच असे नव्हते. ही रास घरी जाण्यापूर्वीच सरकारचा वाटा आणि बलुतेदारांचे बलुते तिच्यातून निघे, आणि सावकाराचे देणे असल्यास तोही तेथे हजर असे. एका अर्थाने खळे हीच त्या काळची संपूर्ण कृषी-अर्थव्यवस्था होती. फक्त तिची बेरीज कोणी वर पाठवत नव्हते.

राजसत्तेला मात्र बेरीज हवी होती. जुन्नर काही काळ निजामशाहीची राजधानी होते आणि त्या राज्याचा वजीर मलिक अंबर याच्या धाऱ्याची, म्हणजे पिकाचा अनुभव पाहून ठरवलेल्या साऱ्याची, आठवण दख्खनच्या महसुली कागदांत दीर्घकाळ राहिली. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा, आणि आकारलेल्या पिकाचे पाच भाग करून तीन रयतेला व दोन दिवाणात, ही पद्धत बखरकार सभासदाने नोंदवली आहे. या दोन्ही व्यवस्थांत जमीन आणि पीक यांची सांगड होती. सरकार पिकाच्या नफ्यातही होते आणि तोट्यातही.

ही सांगड इंग्रजी अमलात तुटली. पुणे जिल्ह्यात आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न, म्हणजे एकूण पिकाच्या किमतीतून लागवडीचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम, काढून त्यावर सारा बसवण्याचा प्रयत्न केला. त्यामागे खंडाविषयीचा तत्कालीन ब्रिटिश अर्थशास्त्राचा सिद्धान्त होता. परंतु प्रत्यक्ष मोजणीत लबाडी झाली, आकारणी जड ठरली, रयतेने जमिनी सोडल्या आणि ही योजना फसली. तिच्या अपयशातून १८३६ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी पाहणी सुरू झाली, आणि तीच पद्धत पुढे जिल्हाभर आणि मुंबई इलाख्यात पसरली.

या पाहणीने पिकाचे मोजमाप जवळपास सोडूनच दिले आणि त्याऐवजी माती मोजली. पाहणी कामगार शेतात ठिकठिकाणी माती खणून तिची खोली हातांत मोजी. पावणेदोन हात खोल, एकजीव काळी माती असेल तर सोळा आणे. दीड हातास चौदा, सव्वा हातास बारा, हातभर खोलीस दहा, आणि असे उतरत जाऊन पाव हात मुरमाड मातीला दोन आणे. मातीत चुनखड असेल, वाळू असेल, रान उतरते असेल, पाण्याने वाहून जाण्याजोगे असेल किंवा पाणी साचत असेल, तर तितक्या प्रती कमी केल्या जात. याला प्रतबंदी म्हणत. एकदा ठरलेला आकार तीस वर्षे बदलायचा नाही, हे वचन रयतेला मोलाचे वाटले आणि पडीक रान पुन्हा लागवडीखाली आले, हे मान्यच केले पाहिजे. पण प्रतबंदीचा आणा कायमचा होता आणि आभाळाचा आणा दर साल बदलत होता. मातीचे सोळा आणे धरून सारा द्यायचा आणि पीक मात्र पाच आण्यांचे आले, तर उरलेले अकरा आणे सावकाराच्या वहीतून यायचे. १८७५ मध्ये सुपे आणि शिरूरकडे उसळलेले दख्खनचे दंगे आणि १८८३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दर तीस वर्षांच्या वाढीव पैमाशीवर केलेला हल्ला, ही या दोन आण्यांमधल्या फरकाची दोन रूपे होत. फुल्यांच्या विचाराचे एक मोठे केंद्र डिंगोऱ्याच्या शेजारीच, ओतूरला होते.

या फरकावर सरकारने काढलेला तोडगा म्हणजे पिकाची आणेवारी. मुंबई इलाख्याच्या नियमांनुसार पीक चार आण्यांहून कमी ठरले तर त्या वर्षीची साऱ्याची वसुली पूर्ण तहकूब, आणि चार ते सहा आण्यांच्या दरम्यान असेल तर निम्मी तहकूब होई. तहकुबी म्हणजे माफी नव्हे, पुढच्या बऱ्या सालावर ढकललेली वसुली. १९१८ चा खेडा सत्याग्रह याच नियमावर लढला गेला : सरकारी अंमलदार पीक चार आण्यांच्या वर सांगत होते आणि शेतकरी खाली. वाद तत्त्वाचा नव्हताच, उभ्या पिकाकडे कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे याचा होता. कुलकर्णी बांधावरून फिरून आणे लिहिणार, मामलेदार त्यात बदल करणार आणि रयत त्याला हरकत घेणार, ही रचनाच अशी होती की आकड्याला दोन्ही बाजूंनी ओढ बसावी.

हाच आकडा मग तालुक्यातून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून इलाख्यात चढत जाई. पेरणीचे क्षेत्र, त्याला एकरी ठरावीक सरासरी उत्पादनाने गुणायचे आणि त्याला पुन्हा आण्यांच्या प्रमाणाने गुणायचे, म्हणजे एकूण पीक निघाले. पहिला घटक गाव नमुन्यांमुळे बराच भरवशाचा होता; महाराष्ट्रातील सातबाऱ्याचा बारावा नमुना ही पिकांची शेतवार नोंद आजही चालू आहे. दुसरा घटक जुना आणि क्वचित तपासलेला, तर तिसरा नजरेचा. त्यातच सर्वसाधारण पीक म्हणजे सोळा आणे की बारा आणे, याविषयी प्रांताप्रांतांत एकवाक्यता नव्हती. देशाच्या अन्नधान्याचा हिशेब अशा पायावर उभा होता आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बंगालच्या दुष्काळानंतर, तो पुरेसा नाही हे सर्वांना कळून चुकले.

येथे सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव आदराने घ्यावे लागते. वि. गो. पानसे यांच्यासह त्यांनी पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली. नमुना म्हणून निवडलेल्या गावातील निवडलेल्या शेतात, आपल्या मर्जीने नव्हे तर यादृच्छिक आकड्याने ठरलेल्या जागी, चौकोन आखायचा. आज बहुतेक तृणधान्यांसाठी तो १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असतो. दोरीच्या आत येणारी ताटे तेवढी कापायची, तेथेच मळायची, धान्य तोलायचे आणि नंतर वाळवून पुन्हा तोलायचे. दोरीवर येणारे ताट आत की बाहेर, एवढ्याशा प्रश्नावर आकडा बिघडू शकतो. कापणीचा तुकडा फार लहान घेतला, तर कडेची ताटे आत ओढली जाऊन उत्पादन फुगते, हे सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले. या पद्धतीत नजरेची जागा तराजूने घेतली. राज्याच्या धान्योत्पादनाचा आकडा त्यामुळे खूपच विश्वासार्ह झाला, आणि मराठी मुलखाने देशाला दिलेल्या देणग्यांत हिची गणना व्हायला हवी, इतके तिचे महत्त्व आहे. महसुली पैसेवारी मात्र नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा टप्प्यांनी स्वतंत्रपणे चालत राहिली आणि ५० पैशांच्या आत की बाहेर, हा प्रश्न प्रत्येक टंचाईच्या साली गावोगाव विचारला जाऊ लागला.

मोजण्याची रीत सुधारली तेवढ्यात या टापूतले पीकच बदलले. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे अशी पाच धरणे उभी राहिली. घोड नदीवरच्या डिंभ्याच्या पाण्याखाली मूळचे आंबेगाव गाव गेले. ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते गावच बुडाले आणि जलाशयाला त्याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव मिळाले. पिंपळगाव जोगा धरण तर डिंगोऱ्याच्या पश्चिमेला हाकेच्या अंतरावर आहे. बाजरीच्या जागी ऊस, द्राक्ष, टोमॅटो आणि कांदा आला; आंबेगावात सातगाव पठार बटाट्यासाठी ओळखले जाऊ लागले; नारायणगाव, ओतूर, आळेफाटा आणि मंचर या बाजारांचे भाव दूरदूरचे व्यापारी पाहू लागले.

धान्यासाठी घडवलेली मापे या पिकांना पुरी पडत नाहीत. बाजरी एकदाच कापली जाते, तर टोमॅटोचे दोन-अडीच महिने तोडे चालतात. दोरीचा चौकोन नेमका कोणत्या तोड्याला टाकायचा? शिवाय टोमॅटोचे मोल किलोवर नव्हे, आठवड्यावर ठरते. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात २० किलोंच्या एका कॅरेटला २,००० रुपयांहून अधिक भाव मिळाला आणि काही आठवड्यांतच तो कोसळला. त्याच झाडाचे, त्याच शेतातले फळ. श्रावणात तोडले की भाद्रपदात, एवढ्यावर वर्षाचा संसार ठरला. एकूण उत्पादनाला सरासरी भावाने गुणून काढलेले राज्याच्या पिकांचे मूल्य खोटे नसते, पण ते कोणाच्या पदरात पडले हे त्यात लिहिलेले नसते.

कांद्याची गोष्ट याहून बारीक आहे. उन्हाळी कांदा चैत्राच्या सुमारास काढून, पात कापून, सावलीत सुकवून बराखीत भरतात. बराख म्हणजे चहूबाजूंनी वारा खेळता राहील अशी उंचावर बांधलेली कांद्याची कोठी. दिवाळीपर्यंत भाव चढेल या आशेवर तो तेथे राहतो आणि रोज थोडा थोडा कमी होतो : काही वजन सुकून जाते, काही सडते, काहीला कोंब फुटतात, आणि चार-पाच महिन्यांत पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक घट येते. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगर येथील कांदा-लसूण संशोधन संस्थेने ही घट कमी व्हावी म्हणून टिकाऊ वाण आणि साठवणीच्या चाळी यांवर दीर्घ काम केले आहे. सरकारी हिशेबाच्या जुन्या रिवाजात शेतमालाचा भाव सुगीच्या आठवड्यांतला धरतात, त्यामुळे बराखीतील घट आणि तिच्यापायी शेतकऱ्याने पत्करलेली जोखीम या दोन्ही गोष्टी त्या हिशेबाबाहेर राहतात.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. आता शेतकऱ्याने स्वतः आपल्या गटात उभे राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र काढायचे आणि बारावा नमुना स्वतःच्या हाताने भरायचा. कुलकर्ण्याच्या बांधावरच्या फेरीपासून येथपर्यंतच्या प्रवासात पहिल्यांदाच नोंद करणारा हात आणि नांगर धरणारा हात एक झाला. त्या पानावर पिकाचे नाव, क्षेत्र आणि पाण्याचे साधन यांना रकाने आहेत. ज्या दिवशी डिंगोऱ्याच्या एखाद्या बराखीचे दार उघडून कांदा पुन्हा निवडला जातो, बाजूला काढलेल्या सडक्या कांद्याचा ढीग बांधावर पडतो आणि राहिलेला मोजून गोण्यांत भरला जातो, त्या दिवसासाठी मात्र अजून रकाना नाही.