पाझराचं गणित

विषारी वायूपासून खाणकामगाराला वाचवणाऱ्या मुखवट्यात कोळशाचे दाणे भरलेले असतात. दाण्यात असंख्य बारीक छिद्रं: काही एकमेकांना जोडलेली, काही मध्येच बुजलेली. वायू आतवर शिरला तरच दाणा तो नीट शोषतो. नाहीतर नुसता पृष्ठभाग कामी येतो, गाभा फुकट जातो. इंग्लंडात कोळशाच्या वापरावर संशोधन करणाऱ्या सायमन ब्रॉडबेंट यांनी १९५४ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीतल्या एका चर्चेत हा प्रश्न काढला आणि गणितज्ञ जॉन हॅमर्स्ली यांनी तो उचलून धरला. १९५७ साली दोघांचा निबंध आला.

त्यातली मूळ कल्पना मला आजही थक्क करते. तोवर यदृच्छा मानली जायची ती फिरणाऱ्या कणात. या दोघांनी ती माध्यमातच नेऊन ठेवली. चौकटीचौकटींची जाळी घ्या. तिची प्रत्येक कडी खुली की बंद, हे नाणं उडवून ठरवा. खुल्या कड्यांचं प्रमाण वाढवत नेलं, तर एका ठरावीक उंबरठ्यापर्यंत पाझर जवळपासच्या कड्यांत अडकून राहतो. उंबरठा ओलांडला की तो हवा तितका दूर जाऊ शकतो. चौरस जाळीसाठी हा उंबरठा नेमका निम्मा आहे, हे सिद्ध करायला १९८० साल उजाडलं. ते काम हॅरी केस्टेन यांनी केलं.

पण वाट असणं आणि वाहणं एक नव्हे. १९७१ साली लास्ट आणि थाउलेस यांनी ग्रॅफाइटचा थर असलेला, वीज वाहून नेणारा कागद घेतला. त्याला ते जागोजाग, कसलाही क्रम न ठेवता, भोकं पाडत गेले आणि दर टप्प्यावर वीज किती वाहते ते मोजत गेले. उंबरठ्याजवळ जोडलेला कागद बराच शिल्लक होता, वीज मात्र जेमतेम वाहत होती. कारण त्या कागदाचा मोठा हिस्सा म्हणजे नुसत्या बंद गल्ल्या: मुख्य वाटेला जोडलेल्या, पण पलीकडे कुठेच न निघणाऱ्या.

या गल्ल्यांचा पुढचा हिशेब मुंबईत झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मुस्तनसिर बर्मा आणि दीपक धर यांनी १९८३ साली विचारलं, अशा जाळीतल्या कणांना एका दिशेनं ओढलं तर? ओढ थोडी असेल तर वेग वाढतो. ती फार वाढवली तर कण बंद गल्लीच्या टोकाशी दाबून धरले जातात, कारण बाहेर पडायला त्यांना ओढीच्या उलट जावं लागतं. शेवटी वेग शून्यावर येतो.